सदर बाब गोपनीय राहील

...नाही, पण मला एक सांगा, जी गोष्ट कोणाला सांगायची नाही म्हणून स्टँप पेपरवर लिहून दिलं, दोन साक्षीदारांसमोर सही केली, ती गोष्ट भडगावच्या बाजारात वांगी विकणाऱ्या बाईला कशी माहीत? मी वांगी घ्यायला वाकलो, भरताची घ्यायची होती, हिरवी, तर ती बाई माझ्याकडे बघते, वांगं बघते, परत माझ्याकडे बघते आणि म्हणते, ''नाना, तुम्हीच ना ते... स्कूटरवाले?'' आता मी काय करू? वांगी ठेवली आणि निघालो. आणि हे सगळं कागद झालेला असताना! कागद मात्र पक्का आहे हं, आमचे अभिमन वकील आजही सांगतात, कागदाला कोणी बोट लावू शकत नाही.

तुम्हाला सांगतो, सगळं त्या स्कूटरमुळं. अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. मी जिल्हा परिषदेत लिपिक, राहायला मेहरूणला, घरात मी, आमची यशोदा आणि लेक लता. स्कूटरसाठी नंबर लावला तेव्हा लता पाचवीत होती, आणि नंबर लागला तेव्हा तिला स्थळं बघायला सुरुवात झाली होती. म्हणजे बघा! आणि स्कूटर घरी आली कधी? तर मायलेकी फैजपूरला माहेरी गेलेल्या, आणि शहरात कसला तरी बंद. चिटपाखरू नाही रस्त्यावर. आता नवी गाडी, पूजा केल्याशिवाय चालवायची कशी? हळद सापडली, कुंकू सापडलं, फुलं शेजारच्यांच्या कुंपणातून घेतली. नारळ? सगळी दुकानं बंद. मी घर शोधलं. फडताळ शोधलं, माळा शोधला, शेवटी गव्हाच्या कोठीत हात घातला तर हाताला लागलं गाठोडं. लाल कापडात बांधलेला नारळ! म्हटलं, वा, लताच्या आईनं वेळप्रसंगाला जपून ठेवलेला दिसतो. बाई हुशार आहे. घेतला, स्कूटरच्या पुढच्या चाकाशी दगड ठेवला आणि फोडला... खण्णकन! पाणी नाही. खोबरं काळं, खडखडीत. मी त्या न बघितलेल्या दुकानदाराला दोन शिव्या हासडल्या आणि मेहरूण तलावाला फेरी मारून आलो. काय वारं लागत होतं! मी गाणं म्हणत होतो हो!

परत आलो, ते लाल कापड घडी करायला घेतलं, आणि तुम्हाला सांगतो, त्याचा काठ उजेडात नेऊन परत बघितला. तो माझ्या आईच्या लग्नातल्या शालूचा काठ होता.

ती कानबाई होती!

तुमच्यापैकी जे खान्देशातले आहेत त्यांनी आत्ता कपाळाला हात लावला असेल. जे नाहीत त्यांना सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडं कानबाई बसते. नारळाची देवी. तिला डोळे लावायचे, नथ घालायची, साडी नेसवायची, चौरंगावर बसवायची. सगळी भाऊबंदकी एका घरात जमते, नैवेद्याचे रोट होतात, रात्रभर गाणी म्हणतात, सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. आणि ज्यांच्याकडं पिढीजात नारळ असतो ते तो पाण्यात बुडवून परत आणतात, दागिने उतरवतात, कापडात गुंडाळतात आणि धान्यात ठेवतात. आमचा नारळ माझ्या पणजीनं आणलेला. म्हणजे गांधीजी आफ्रिकेत होते तेव्हापासून आमच्या घरात! आणि हे ठेवणं-काढणं सगळं बायकांच्या हातचं. मी पन्नास वर्षं देवीला नथीत बघितलेली. बिननथीची कशी ओळखणार? तुम्ही ओळखली असती?

मग काय केलं, दुसऱ्या दिवशी बाजार उघडल्या उघडल्या नवा नारळ आणला, शेंडी काढली, हळद लावली, तेल लावलं, चुलीची थोडी काजळी चोळली. आईच्या कापडात बांधला, कोठीत ठेवला. यशोदेला बोललो नाही. रोज देवापुढं उभा राहायचो आणि मनात म्हणायचो, माफ कर माय. पण तोंड उघडायची हिंमत नव्हती.

आता आमच्याकडं पाळी असते. एक वर्ष कानबाई माझ्या घरी, एक वर्ष माझ्या चुलतभावाकडं, गिरणेच्या काठी आमच्या गावात. हा चुडामण. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी धाकटा, मला नाना म्हणतो, पाया पडतो, आणि पाया पडता पडता वहाणा नव्या आहेत की जुन्या ते बघून घेतो. त्या वर्षी पाळी त्याची. श्रावणात आला न्यायला. यशोदेनं गाठोडं त्याच्या हातात दिलं. त्यानं कपाळाला लावलं... कानाशी नेलं... हलवलं. कशाला हलवलं? देवीला कोणी हलवतं? यशोदा चहा टाकायला आत गेली तसा तो हळूच म्हणाला, ''नाना, यामा पाणी वाजस.''

मी म्हटलं, पावसाळ्याचे दिवस आहेत. काय बोलतोय मी! त्यानं माझ्याकडं बघितलं. दारातल्या स्कूटरकडं बघितलं. तिच्या पुढच्या चाकाजवळ करवंटीचा एक तुकडा पाच महिने पडून होता, बायकोनं रोज झाडलं तरी तो तिथंच, माझ्या नशिबात लिहिलेला! आणि हा माणूस चौथीत नापास झालेला हो, पण दोन आणि दोन बरोबर जुळवले त्यानं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय? अहो, लताचं धुळ्याला जमत आलेलं! मुलगा चांगला, शिक्षक. पण मुलाची आई द्रौपदाबाई, ती कानबाईची अशी भक्त की तिच्याकडच्या रोटाला धुळ्याची अर्धी गल्ली लोटते. तिला कळलं की ज्या घरची पोरगी सून म्हणून आणतोय त्या घरच्या कर्त्या पुरुषानं देवी स्कूटरच्या चाकाखाली... चाकाखाली नाही, चाकापुढं, पण सांगणारा चाकाखालीच सांगणार! संपलं मग. माझी एकुलती एक लेक. रात्री झोप नाही, दिवसा जेवण नाही.

तर चुडामण म्हणाला, घरातलं घरात मिटवू. मिटवायचं कसं? तर कानबाई यापुढं कायमची त्याच्याकडं. माझी पाळी बंद. आणि तो तोंड उघडणार नाही, कोणापुढंच नाही, बायकोपुढंसुद्धा नाही. मी म्हटलं, तुझ्या शब्दावर माझा विश्वास आहे चुडामण, म्हणून आपण लिहून घेऊ.

गेलो आमच्या अभिमन वकिलाकडं. भला माणूस, पान खातो आणि पान संपेपर्यंत बोलत नाही. त्यांनी कागद केला. मी म्हटलं, साहेब, गोष्ट नाजूक आहे, कागदात नाव येता कामा नये, नारळ येता कामा नये, स्कूटर तर मुळीच नको. ते म्हणाले, काळजी नको. आणि पानभर लिहिलं, सदर बाब उभय पक्षांत गोपनीय राहील, सदर बाबीचा उच्चार कोठेही करणार नाही, सदर बाबीसंबंधी पाळीचा हक्क सोडला आहे. सगळीकडं सदर बाब. मला वाचून इतकं बरं वाटलं! मग त्यांनी विचारलं, करार मोडला तर काय, ते कलम घालू का? आणि इथं मी... माझ्याच तोंडानं... चुडामण शेजारी बसलाय, पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवतोय, आणि मी म्हटलं, नको साहेब, घरचाच माणूस आहे, मोडण्याचं कलम घातलं तर वाईट दिसतं.

वाईट दिसतं! अहो, सख्ख्या चुलतभावाशी स्टँप पेपर केला ते वाईट दिसत नव्हतं, कलम वाईट दिसत होतं! पण आपल्याकडं असंच असतं ना? लग्नाच्या याद्यांवर सुद्धा आपण म्हणतो, लिहायचं कशाला, माणसं ओळखीची आहेत. वकीलसाहेब फक्त म्हणाले, बघा बुवा. आणि कागद दिला. पक्का.

दिवाळीत लताचा साखरपुडा झाला. द्रौपदाबाईंनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि मी तीन महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवलो. आणि पौषात तो भडगावचा बाजार, ती वांगी...

मी तसाच गावात. चुडामण पारावर. बाजूला घेतला, म्हटलं, गाढवा, कोणाला सांगितलंस? तर डोळे मोठे करून म्हणतो, ''नाना, मी कोणले सांगस का? मन्हा तोंडले कुलूप शे.'' शपथ घेतली. आईची घेतली. मग खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. लोक त्याला विचारायचे, का रे, कानबाई कायमची तुझ्याकडं कशी? मोठा तर मोतीलाल नाना आहे, त्यानं पाळी का सोडली? तर हा म्हणायचा... मी त्याच्याच तोंडून ऐकलंय हो, अभिमानानं सांगत होता... हा म्हणायचा, ''ते गुपित शे. नारळनं शे, नानानी स्कूटरनं शे, पुढलं माले सांगता येत नही, कागद व्हयेल शे.''

पुढलं! पुढं काय उरलं? आणि वर कोणाचा विश्वास बसला नाही तर कागद काढून दाखवायचा. फ्रेम केली होती त्यानं! कानबाईच्या फोटोशेजारी भिंतीवर! गावात कोणाकडं शेताचा उतारा असेल, कोणाकडं पोराची मॅट्रिकची मार्कलिस्ट असेल, पण स्टँप पेपरवरचं गुपित फक्त चुडामणकडं. पाव्हणे यायचे बघायला. कागद इतका पक्का की काचेतूनसुद्धा वाचता येत होता!

मी वकिलाकडं. म्हटलं, साहेब, करार मोडला, आता कायदा काढा बाहेर. त्यांनी पान थुंकलं, म्हणजे मामला गंभीर. म्हणाले, उपाय आहेत, भरपूर आहेत. पहिला, नोटीस. म्हटलं, द्या. म्हणाले, पण नोटिशीत सांगावं लागेल की त्यानं नेमकं काय सांगितलं. सदर बाब सांगितली म्हणून भागणार नाही, तो म्हणेल मी दुसरीच बाब सांगितली. म्हणजे बाब कोणती ते लिहावं लागणार. मी विचार केला, नोटीस काय, बंद लिफाफ्यातून जाते, रजिस्टर पोस्टानं, ज्याचं पत्र त्याच्याच हातात. लिहा म्हटलं.

तुम्हाला सांगतो, काय लिहिलं त्यांनी! माझे अशील यांनी अमुक तारखेस आपल्या नूतन दुचाकी वाहनापुढे कुलदेवतेचा नारळ अनवधानाने फोडला ही सदर बाब... अडीच पानं. वाचताना मला माझीच लाज वाटत होती. आणि गेली ती नोटीस. गावचा पोस्टमन झुलाल. चुडामण पारावर बसलेला. सही केली, लिफाफा फोडला आणि म्हणाला, चष्मा घरी राहिला, झुलाल भाऊ, जरा वाचा. या माणसाला चष्मा नाहीच! आणि झुलालचा आवाज असा की तमाशाच्या फडात गेला असता तर नाव काढलं असतं. अडीच पानं वाचली. अनवधानाने या शब्दाला थांबून सगळ्यांकडं बघितलं म्हणे. मग मागची गल्ली उशिरा आली म्हणून परत वाचली. तोवर गावात निम्म्या लोकांना फक्त नारळ आणि स्कूटर माहीत होतं, तारीख माहीत नव्हती. ती माझ्या वकिलानं कळवली. माझ्या सहीनं!

यशोदेला कळलं ते असं. गावाकडून कोणी बाई आली होती, तिनं विचारलं. मी घरी आलो तर यशोदा गव्हाच्या कोठीपाशी उभी. ओरडली नाही, काही नाही. फक्त म्हणाली, ''मला सांगितलं असतं तर मी तुमच्याबरोबर रडले असते.'' आणि आठ दिवस बोलली नाही. आता तुम्हीच सांगा, माझ्यासाठी मोठी शिक्षा कोणती? कोर्टाची की ही?

पण मी हट्टाला पेटलो होतो. परत वकील. म्हटलं, मनाई हुकूम आणा, त्याच्या तोंडाला कोर्टाचं कुलूप लावा. ते म्हणाले, लावू, पण ज्यांनी त्याच्या तोंडून ऐकलं ते साक्षीदार आणावे लागतील, ते पिंजऱ्यात उभे राहून सांगतील काय ऐकलं. म्हटलं, सगळ्यांसमोर? म्हणे, कोर्ट आहे, घर नाही. म्हटलं, दार लावून घेता येत नाही का? म्हणाले, दार आहे, पण फुगून बसलंय, लागत नाही. बरं, म्हटलं, करार त्यानं मोडला ना, मग माझी पाळी तरी मला परत द्या. त्यावर त्यांनी कागद उलटून पालटून बघितला आणि हळूच म्हणाले, मोडला तर काय, ते कलम आपण घातलेलं नाही. आठवतं ना? आठवतं हो! आणि चुडामणचं म्हणणं वेगळंच. म्हणे, नव्या नारळाला मी गिरणेवर विधिपूर्वक परणून आणलं, म्हणजे लग्न लावून आणलं देवीला, आता ती माझीच कानबाई, नानाची होती ती नानानं फोडली. यावर कुठलं न्यायालय काय बोलणार?

शेवटचा उपाय, वकील म्हणाले, नुकसानभरपाई. पण नुकसान दाखवावं लागेल. म्हटलं, नुकसान म्हणजे? म्हणे, लेकीचं लग्न मोडलं का? म्हटलं, अजून नाही. तर... पुढचं ऐका... थोडे हिरमुसलेच ते! म्हणाले, मग थोडं थांबू. अहो, थांबू काय? माझ्या लेकीचं लग्न मोडायची वाट बघायची, म्हणजे माझी केस उभी राहील? आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत मी इतका भंजाळलो होतो की घरी जाताना क्षणभर मलाही वाटलं, मोडलं तर निदान चुडामणला कोर्टात तरी खेचता येईल. बाप आहे मी! स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटली.

आणि माघात एका दुपारी दाराशी रिक्षा थांबली, आतून द्रौपदाबाई उतरल्या. एकट्या. लता आत गेली. यशोदेनं पाणी दिलं, ते त्यांनी बाजूला ठेवलं. आधी स्कूटर बघितली. मग मला बघितलं. मी हात जोडून उभा, सगळं सांगितलं, पहिल्यापासून, काही लपवलं नाही. बंद, कोठी, आईचं कापड, काजळी सुद्धा. त्यांनी विचारलं, फोडल्यावर काय केलं? मी म्हटलं, रोज माफी मागितली. मग यशोदेकडं वळून म्हणाल्या, ''जो माणूस देवीले इतला घाबरस, त्यानी पोर आमना घरमा चालीच.'' आणि पाणी प्यायल्या.

मी रडलो हो. पडवीत, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर. लाज गेलीच होती, आणखी काय जायचं राहिलं होतं?

वैशाखात लग्न लागलं. आणि काय लग्न! ज्यांना पत्रिका दिली ते आले, ज्यांना दिली नव्हती ते आधी आले. तीन खेड्यांतनं माणसं, सगळ्यांना बघायचं होतं, तो मोतीलाल नाना कोणता आणि ती स्कूटर कोणती. मांडवाच्या दाराशी उभी होती स्कूटर, तर बायकांनी तिच्या दिव्याला हळदकुंकू लावलं! एकीनं ओटी भरायला घेतली, मी अडवली. आणि चुडामण? लेकीचा काका म्हणून फेटा बांधून पुढं, येईल त्याला सांगतोय, नानांचं गुपित आहे हं, विचारू नका त्यांना, मला विचारा. मांडव कमी पडला, वरण तीनदा वाढवलं. व्याही खूश, लता खूश.

मग श्रावण आला. नागपंचमीनंतरचा रविवार. यंदाची पाळी माझी होती. असायला हवी होती. यशोदेनं सकाळी सवयीनं चौरंग धुऊन पुसून ठेवला, मग तिच्या लक्षात आलं, तो भिंतीला उभा करून ठेवला आणि ओचा सारखा करून म्हणाली, चला, एसटी चुकेल. गेलो गावाला, चुडामणच्या घरी, पाव्हण्यासारखे. रात्री गाणी सुरू झाली. पुढच्या ओळीत घरच्या बायका बसल्या, यशोदा मागं, दाराशी, आलेल्यागेलेल्यांत. तीस वर्षं पहिलं गाणं तिनं उचललं होतं. त्या रात्री तिनं दुसऱ्यांच्या मागून म्हटलं. मला ते ऐकवेना, मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

सोमवारी उतरलो तो सरळ वकिलाकडं. म्हटलं, साहेब, आता दावा लावा. आता नुकसान आहे माझ्याकडं. त्यांनी फाइल काढली, चष्मा लावला. लग्न मोडलं का? म्हटलं, नाही, झालं. सोयरिकी तुटल्या? म्हटलं, वाढल्या. भाऊबंदांनी वाळीत टाकलं? म्हटलं, सगळे जेवून गेले. अब्रू? म्हटलं, ओळख वाढली हो, एसटीत जागा देतात. मग नुकसान काय? मी सांगायचा प्रयत्न केला... तो चौरंग, ती मागची ओळ, ते पहिलं गाणं... ते ऐकत होते, पान तोंडात होतं तरी चघळत नव्हते. मग म्हणाले, ''नाना, याची किंमत किती लावू?''

मी बसलो विचार करत. आकडा सुचला नाही. त्यांनी हळूच पेन उचललं आणि नुकसानीच्या रकान्यात लिहिलं, निरंक. सव्वीस वर्षं जिल्हा परिषदेत तोच शब्द मी दुसऱ्यांच्या कागदांवर लिहीत आलो, मला कधी वाटलं नाही त्याच्या आत काही असतं म्हणून. मग त्यांनी फाइल माझ्याकडं फिरवली, खाली फुली मारून जागा दाखवली, म्हणाले इथं, आणि मी केली सही.